सहा नंबरची नळी

घरात तिला भागूच म्हणत. मुळात भित्री भागूबाई. त्यातलं भित्री वापरून वापरून गळलं आणि भागू तेवढी उरली. पाल, लिफ्ट, शेजारचे मास्तर, उंबऱ्याशी आलेलं पत्र, भ्यायला तिला काहीही पुरे. अशा मुलीने पुरातत्त्व का घ्यावं हे कुणालाच कळेना. थोरला भाऊ म्हणाला, "बरं आहे की. तिथली सगळी माणसं मेलेली. अंगावर ओरडायला कुणी नाही." त्याला वाटलं, आपण विनोद केला. तिने खरोखरच या कारणासाठी घेतलं होतं.

मेलेले ओरडत नाहीत, पण मार्गदर्शक म्हणून मिळालेल्या जिवंत मॅडम ओरडतात, हे तिला पीएच.डी.ला लागल्यावर समजलं. तीन वर्षांत पाच उत्खननं झाली. बस, जीप, होडी, पुन्हा बस. तंबूत ती बूट उशाशी घेऊन झोपायची आणि सकाळी घालण्याआधी दहादा झटकायची. शिडीवरून खड्ड्यात उतरताना दर पायरी आधी पायाने चाचपायची. काम मात्र चोख, हे सांगायलाच हवं, कारण भित्र्या माणसाला लोक उगीच आळशीही समजतात. तिने काढलेली खड्ड्याच्या भिंतींची चित्रं मॅडम इतर विद्यार्थ्यांना दाखवत. तिच्यासमोर कधीही नाही.

पाचव्या ठिकाणी घात झाला. ती जागा नव्या रस्त्याच्या आड आली होती. सोमवारी यंत्रं येऊन सगळं सपाट करणार, त्याआधी मिळेल ते घ्यायचं. खड्ड्याच्या भिंतीतल्या सहा थरांमधली वाळू सहा लोखंडी नळ्यांत भरून लॅबला न्यायची होती. वाळूचा कण जमिनीखाली गाडला गेला, की अंधारात त्याच्यात काळ साठत जातो, आणि तो मोजता येतो. उजेड लागला की सारं पुसलं जातं. म्हणून भिंतीवर काळं कापड धरायचं, आत चाचपडत नळी ठोकायची, ओढून काढायची आणि दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद करायची.

सहावी नळी सर्वांत खालच्या थराची. लोक समजतात त्याच्या कितीतरी आधी इथे माणसं आली, हे मॅडमचं म्हणणं त्याच थरावर उभं होतं. भागूने नळी ओढली आणि नेमका वारा सुटला. कापड उडालं. नळीच्या तोंडावर ऊन पडलं. एक क्षण, फार तर दोन. तिने झडप घालून तोंड झाकलं, पट्टी गुंडाळली, वर आकडा लिहिला. मॅडम वर काठाशी पाठमोऱ्या उभ्या राहून रस्त्याच्या इंजिनिअरशी भांडत होत्या.

"झालं का गं सगळं?"

"झालं, मॅडम."

तिथून पुढे अळीमिळी गुपचिळी. किती उजेड म्हणजे फार उजेड, हे पुस्तकात असतं. तिने पुस्तकही उघडलं नाही, उत्तर काय निघेल या धास्तीने. सोमवारी यंत्रं आली आणि खड्डा बुजला. आता दुसरी नळी कुठून आणणार?

लॅब सरहद्दीपलीकडे होती. भागू नळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. चौकीवरच्या अधिकाऱ्याने सगळ्यांचं सामान उतरवून तपासणीच्या यंत्रातून घातलं.

"बाई, हे काय? यंत्रात नुसतं काळं दिसतंय."

"वाळू आहे."

"वाळू? तिकडे वाळू मिळत नाही का?" मागे कुणीतरी हसलं. "उघडा."

तिने विद्यापीठाचं शिक्क्याचं पत्र पुढे केलं. अधिकाऱ्याने ते उभ्यानेच वाचलं.

"उघडू नये असं लिहिलंय. पण यात भलतंसलतं काही नाही, असं कुठे लिहिलंय?"

"उजेड लागला की खराब होतं, साहेब."

तो माणूस वाईट नव्हता. त्याने बसकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "सगळ्या नको. एकच उघडतो. कुठली ते तुम्हीच सांगा."

चोराच्या मनात चांदणं. तिचा हात आपसूक सहावीवर गेला. नाहीतरी ती गेलेलीच होती, आणि आता कुणाला कधी कळणारही नव्हतं. अधिकाऱ्याने पट्टी सोडली, नळी वर्तमानपत्रावर उलटी करून ठोकली. खिडकीतल्या उन्हात पिवळट वाळूचा ढीग झाला.

"वाळूच आहे," तो जरासा हिरमुसून म्हणाला.

अकरा दिवसांत पहिल्यांदा तिला नीट श्वास घेता आला. तिने मॅडमना कळवलं: तपासणीत सहा नंबर उघडली, बाकी सुखरूप. अक्षरन् अक्षर खरं. मॅडमचा उलट निरोप आला: "त्या माणसाचं नाव आणि चौकीचा नंबर पाठव. त्याची नोकरी घालवल्याशिवाय राहायची नाही मी."

नाव तिने त्याच्या छातीवरच्या पट्टीवर वाचलं होतं. आगीतून फुफाट्यात. तिने उत्तर दिलं नाही, आणि पुढचा सगळा प्रवास फोन पालथा घालून काढला.

लॅबमध्ये मंद तांबडा दिवा. तिथल्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाला सगळे घुबडकाका म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. त्यांनी नळ्या मोजल्या.

"सहावी?"

"चौकीवर ओतली."

"त्याने निवडली?"

"मी."

"सगळ्यात खालची? का गं पोरी?"

त्या अंधारात तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, तिने वाऱ्याचं सांगून टाकलं. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"तोंडाकडची दोन बोटं वाळू आम्ही फेकूनच देतो. नेहमीच. कापड सगळ्यांचं उडतं. मधली वाळू ठणठणीत असणार होती. कुणाला विचारलं का नाहीस?"

"भ्याले."

"हं," काका म्हणाले आणि पहिली नळी उचलली.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. हिने तर त्याला बोलावून खुर्ची दिली. ती बाहेर व्हरांड्यात आली. पाचावर धारण बसलेली. तिने मॅडमना फोन लावला.

"मिळालं नाव?"

"मिळालं होतं, मॅडम. देणार नाही."

"म्हणजे काय?"

मग कापड, वारा, ऊन, चौकी, काका काय म्हणाले ते, सगळं एका दमात. लाइन तुटली असती तर तिला बरंच वाटलं असतं.

"तो म्हणाला, तुम्हीच सांगा. आणि तू सहावी दिलीस."

"हो."

"माझ्यापासून लपवायला."

"हो, मॅडम."

"पाचवीतली वाळू दोनदा मोजण्याइतकी आहे का, विचार त्यांना. आता सगळ्यात खालची तीच उरली. आणि परत आलीस की सामान ठेवायच्या आधी माझ्या खोलीत ये."

फोन बंद झाला. आता पुढच्या मोसमात आपल्याला खड्ड्यात उतरवतील की घरी पाठवतील, हे तिला कळेना. परतीचं तिकीट परवाचं होतं. ती दोन मिनिटं बाकावर टेकली, मग उठून तिने लॅबचं दार ढकललं.

"काका, एक विचारायचं होतं."