मुबीनच्या दंडावरचा रुपया

पाच आठवड्यांपूर्वी मी अलिबागच्या एसटी स्टँडवर उभा होतो. शाळेच्या कामासाठी जिल्हा परिषदेत गेलो होतो आणि परतीच्या गाडीची वाट बघत होतो. डोक्यावर एका क्लासचा भलामोठा फ्लेक्स होता आणि त्यावर मुबीन हसत होता. 'आमचा विद्यार्थी आज अमेरिकेत! उद्या तुम्ही?' अंगात कोट, गळ्यात टाय. दोन्ही त्याचे नव्हते, क्लासवाल्याने संगणकावर चढवलेले. त्या टायच्या बरोबर खाली मी उभा असताना फोन वाजला. शबानाचा होता, मुबीनच्या धाकट्या बहिणीचा. म्हणाली, "दादा... मुबीनभाई वारला." मी वर बघितलं. तो हसतच होता. समोरून माझी गाडी आली आणि निघूनही गेली, मी तसाच उभा राहिलो.

मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो, मुबीन काही संत नव्हता. पाचवी ते दहावी माझ्या शेजारी बसला आणि त्या सहा वर्षांत माझ्या डब्यातले तळलेले बोंबील त्याने एकदाही विचारून घेतले नाहीत. चित्रकलेच्या तासाला पेन्सिल माझी, खोडरबर माझं, शाबासकी मात्र त्याची. त्याचं गणित मात्र अस्सल होतं. मी आज गणिताचा मास्तर आहे ते त्याच्याकडून शिकून. त्यालाही हे माहीत होतं, म्हणून मला नोकरी लागल्या दिवसापासून तो मला 'मास्तर' म्हणायचा आणि म्हणताना हसायचा.

किहीम आणि थळच्या मधलं आमचं गाव. आमच्या आळीत भातशेती, त्याच्या आळीत परदेश. परदेश म्हणजे आखात. त्याचे वडील उस्मानचाचा वीस वर्षं तिकडे क्रेन चालवत होते. दोन वर्षांनी एकदा यायचे ते घोंगडीएवढी जाड ब्लँकेटं आणि अत्तराच्या बाटल्या घेऊन, आणि दर वेळी आणखी काळे पडून. त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट ठरवली होती : पोरगा उन्हात काम करणार नाही. मुबीन इंजिनिअर झाला, नवी मुंबईतल्या एका कंपनीत लागला आणि पुढे अमेरिकेतल्या एका कंपनीने त्याला तिकडे बोलावलं, तेव्हा चाचा मला म्हणाले होते, "आता आमचा पोरगा सावलीत बसून कमवील." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. सावलीतसुद्धा माणूस मरतो हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

तो निघाला तेव्हा मांडव्याच्या जेट्टीपर्यंत मी सोडायला गेलो होतो. घरातून निघताना मरियमचाचीने, म्हणजे त्याच्या आईने, त्याच्या उजव्या दंडाला इमाम जामीन बांधला. हिरव्या कापडात रुपयाचं एक नाणं गुंडाळायचं आणि प्रवासाला निघालेल्याच्या दंडाला बांधायचं. तो सुखरूप पोचला की गाठ सोडायची आणि ते नाणं एखाद्या गरिबाला द्यायचं, अशी त्यांच्या घरातली रीत. चाचा आखातात गेले तेव्हाही दर वेळी बांधला होता, दर वेळी दिला होता. मुबीनने पोचल्यावर फोन केला तेव्हा मी चाचीच्या शेजारीच बसलो होतो.

"पोचलास? मग रुपया दिलास का?"

"अम्मी, कोणाला देऊ? इकडं रुपया कोण घेणार? सगळं कार्डावर चालतं यार."

चाचीने थोडा विचार केला. मग आपल्या मनाने रीत बदलली. "मग ऱ्हाऊ दे. सोडू नको गाठ. परत येशील तवा आपल्या मशिदीसमोर दे."

त्या दिवशी आम्ही हसलो होतो. चाची आता त्या वाक्यावरून स्वतःला रोज बोल लावते. तिला वाटतं, तिनेच त्याचा प्रवास अर्धा ठेवला. तिला कसं समजावू की तो अर्धा ठेवणारे दुसरेच होते, आणि त्यांना कुठल्याही गाठीशी काही देणंघेणं नव्हतं?

कारण तिथे माणसाला कागदावर ठेवतात. तीन वर्षांचा व्हिसाचा कागद, मग आणखी तीन वर्षांचा, मग कायमचं राहायची परवानगी मागणाऱ्यांची रांग. ती रांगसुद्धा तुम्ही कुठल्या देशात जन्मलात त्यावरून लावलेली. तुम्ही काम किती चांगलं करता याचा तिथे संबंध नाही. मुबीन म्हणायचा, "मास्तर, रेशनच्या रांगेत निदान पुढच्याची पाठ तरी दिसते." नोकरी गेली की कागद गेला, म्हणून साहेबासमोर मान खाली. सुट्टी मागायची तर घाबरत, पगारवाढ मागायचीच नाही. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, कागद होऊ दे. घराचं विचारलं की तेच. एका हुशार, थट्टेखोर, उद्धट पोराला त्यांनी चौदा वर्षांत इतकं नम्र करून टाकलं की कधीकधी फोनवर मला तो ओळखूच यायचा नाही.

चौदा वर्षांत तो एकदाच आला, शबानाच्या लग्नाला. तीन आठवड्यांची रजा, त्यातला एक आठवडा मुंबईत पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का मारून घेण्यात गेला. हिरवं कापड त्याने बरोबर आणलं होतं. मशिदीसमोर जायला निघाला तर चाचीने थांबवलं. "ही तर भेट झाली. भेटीला आलेला मानूस आलेला धरत न्हाय. कायमचा येशील तवा दे." आणि पुन्हा त्याच्या दंडाला बांधला. जेट्टीवर मी त्याला चिडवलं, "अरे, अजून पोचला नाहीस का?" तो दंडावर हात ठेवून म्हणाला, "तिकडचे म्हणतात अजून आला नाहीस, इकडची म्हणते अजून आला नाहीस. मी हाय तरी कुठं, मास्तर?" मला ती थट्टा वाटली. मी टाळी द्यायला हात पुढे केला.

पुढे उस्मानचाचा गेले. तेव्हा मुबीनचा कागद कुठल्याशा टेबलावर अडकला होता. वकिलाने सांगितलं, आत्ता देश सोडलास तर परत येता येईलच असं नाही. बापाच्या मातीला जायचं तर नोकरीवर पाणी सोडायचं... हा कुठला कायदा? कुठल्या पुस्तकात बसतो हा? कबरस्तानात मी फोन उंच धरून उभा राहिलो आणि तिकडे हा एकटा खोलीत बसून बघत होता. नेमकं चाचांना खाली उतरवताना रेंज गेली. मी फोन घेऊन कुंपणापर्यंत पळालो, परत आलो, तोवर माती लोटून झाली होती. संध्याकाळी त्याने मला एवढंच विचारलं, "माती ओली होती का रे?" मी हो म्हणालो. खरं तर मला आठवत नव्हतं.

पण दुसऱ्यांवर चिडणं सोपं आहे. माझंही सांगायला हवं. चाचांनंतर काही महिन्यांनी मुबीनने मला विचारलं होतं, "मास्तर, येऊ का परत? वरच्या खोलीत टेबल टाकतो, तिथूनच काहीतरी काम करतो." त्याने गावातल्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचं टेबल आणि हाताची खुर्ची करूनसुद्धा घेतली होती. आणि मी, त्याचा जिवलग मित्र, काय म्हणालो? "वेडा झालास का? लोक काय म्हणतील? आणखी दोन वर्षं काढ." कोण लोक? त्यांतल्या एकाचंही नाव मला आज सांगता येणार नाही. दर जूनमध्ये नव्या वर्गाला मी मुबीनची गोष्ट सांगायचो. बघा, याच बाकावर बसायचा, आज कुठे पोचला! त्या क्लासवाल्याने फ्लेक्स लावला म्हणून मी त्याला शिव्या घालतो, पण माझा फ्लेक्स त्याच्या आधी लागला होता.

या वर्षी एका सकाळी त्याचा फोन आला. "मास्तर, लॅपटॉप पासवर्ड घेत नाय." हसत होता. मग कळलं की एका ईमेलवर त्याला आणि त्याच्यासारख्या कितीतरी जणांना काढून टाकलं होतं. ईमेल वाचायच्या आधीच कुलूप लागलं होतं. नवी नोकरी शोधायला साठ दिवस, नाहीतर देश सोडा. तो इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर बनवायचा, कुठल्या रोग्याला कुठल्या डॉक्टरची कुठली वेळ द्यायची ते ठरवणारं. नोकरीबरोबर त्याचा स्वतःचा आजारपणाचा विमा गेला. छातीत जळजळतं म्हणायचा. मी म्हणालो, दाखव. तो म्हणाला, "इकडं नुसतं दाखवायला पण कसला खर्च येतो, तुला नाय कळणार. गॅस हाय. घरी आलो की अलिबागला दाखवू." हजारो माणसांना डॉक्टरची वेळ मिळवून देणाऱ्या माणसाने डॉक्टर पुढे ढकलला.

कारण तो येणार होता. एक महिना नोकरी शोधून झाल्यावर त्याने तिकीट काढलं. "अम्मीला बोलू नको, समोर उभा राहून सांगीन. टेबल पुसून ठेव." मी पुसलं. वरच्या खोलीत इंटरनेटची लाइन ओढायला वायरमन बोलावला. चाचीने विचारलं, कशाला? मी थाप मारली की शबानाच्या मुलांच्या अभ्यासासाठी. राउटरचा दिवा लागला तेव्हा मी त्याला फोटो पाठवला. त्याने उलट लिहिलं, 'खुर्चीवर बसू नको, जाडा झालायस.' हा त्याचा मला आलेला शेवटचा मजकूर. तिकिटाला अकरा दिवस उरले असताना तो गेला. जळजळ गॅसची नव्हती, हृदयाची होती.

त्याची मय्यत इकडे आणायची म्हटलं तर पुन्हा कागद, पुन्हा दिवस. शबानाने आईला विचारलं, काय करायचं? चाची म्हणाली, "चौदा वर्सं रांगेत उभा व्हता माझा पोर. आता तरी ताटकळत नका ठेवू. तिथंच माती द्या." आम्ही ते फोनवर बघितलं तेव्हा इकडे पहाटेची नमाज नुकतीच झाली होती. तिकडे संध्याकाळ. त्याच्याबरोबर काम करणारा एक हैदराबादचा मुलगा फोन उंच धरून उभा होता, मी चाचांच्या वेळी धरला होता तसाच. मोजून अकरा माणसं. रेंज उत्तम होती, सगळं स्वच्छ दिसलं. शेवटी चाचीने मला विचारलं, "ह्यातले मुबीनला वळखनारे किती?"

मग माणसं भेटायला येऊ लागली. पॅकेज किती होतं? कंपनी काही देणार की नाही? एकाने तर माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं की त्याच्या पुतण्याला जायचंय, तर आता कुठल्या मार्गाने जाणं बरं. मी उठून स्टँडवर गेलो. फ्लेक्स तसाच. क्लासवाल्याकडे गेलो, म्हटलं, हा काढा. तो अगदी आदराने बोलला. "सर, वाईट झालंच. पण ॲडमिशनचा सीझन आहे, नंतर काढू. आणि वारले म्हणून अमेरिकेत गेले नव्हते असं थोडंच आहे?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या नारळ पाडणाऱ्याकडून शिडी आणि कोयता आणला आणि भर स्टँडवर शिडी लावली. हवालदाराने खालून विचारलं, "ओ मास्तर, परवानगी आहे का?" मी वरून विचारलं, "ह्याला होती का?" त्याने शिडी धरली. तो फ्लेक्स गुंडाळून माझ्या पडवीत ठेवलाय. पावसात लाकडं झाकायला आमच्याकडे असले फ्लेक्स वापरतात. हा वापरवत नाही आणि टाकवतही नाही.

गेल्या आठवड्यात तो हैदराबादचा मुलगा वाट वाकडी करून गावी आला. मुबीनची बॅग घेऊन आला होता. दोन सदरे, चार्जर, गॅसच्या गोळ्यांची अर्धी बाटली. आणि आतल्या चेनच्या कप्प्यात हिरवं कापड, विटून जवळजवळ पांढरं झालेलं. गाठ तशीच, चाचीच्या हातची. चाची बराच वेळ त्या गाठीवरून अंगठा फिरवत राहिली.

मी म्हणालो, "चाची, द्या इकडे. मी देतो मशिदीसमोर."

"काय सांगून देशील?" तिने विचारलं. "सुखरूप आला म्हनून?"

चाची उठली, जिन्याचा कठडा धरत एकेक पायरी चढून वर गेली. मी मागोमाग गेलो. फणसाचं टेबल मी पुसलं होतं त्यावर पुन्हा धूळ बसली होती आणि राउटरचा दिवा चालू होता. तिने ते कापड खुर्चीच्या उजव्या हाताला गुंडाळलं, दोन्ही टोकं ओढून घट्ट बांधलं, आणि दर वेळी दंडावर थोपटायची तसं त्या लाकडावर थोपटलं. मग मला म्हणाली, "ह्या खुर्चीवर कुनाला बसू देऊ नको."