कालचा रिपोर्ट

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, जंतू तपासायची प्रयोगशाळा होती. तिथे सव्वीस वर्षं एकाच स्टुलावर बसून काम करणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना सगळे 'भिंगवाल्या बाई' म्हणत. गोल जंतू, दांडीसारखे, मळसूत्री; जोडीने राहणारे, साखळी धरणारे, द्राक्षांसारखा घोस करणारे, सगळे त्यांना एका नजरेत ओळखू येत. नवरा म्हणायचा, "हिला माझ्या बहिणींचे चेहरे आठवत नाहीत, जंतूंचे मात्र तोंडपाठ!"

त्या दिवशी दुपारी वॉर्डातून पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला आलं. पेशंट सत्तरीचा शिंपी, तापाने बेशुद्ध. बाईंनी काचेवर थेंब पसरून रंगवला. जाड भिंतीचे जंतू जांभळा रंग धरून ठेवतात. पातळ भिंतीचे तो सोडून देतात आणि मागून दिलेला गुलाबी घेतात. हे जांभळे होते, जोडीजोडीने बसलेले. असले त्यांनी हजारदा पाहिले होते. वॉर्डातून तिसऱ्यांदा फोन वाजत होता. पाच-सहा ठिकाणी नजर फिरवून त्यांनी लिहून दिलं: जांभळे, गोल, जोडीतले. त्यावर विसंबून डॉक्टरांनी चालू औषधांपैकी एक, गोल जंतूंसाठी न लागणारं, बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जंतू वाढवायला ठेवलेल्या बशीत बारीक ठिपके उगवले होते. बाईंनी त्यातला एक काचेवर घेतला, तर गोल कुठले? आखूड दांड्या होत्या. पाण्याच्या थेंबात जिवंत पाहिल्या, तर कोलांट्या मारत होत्या. त्यांनी कालची काच पुन्हा लावली. दोन दांड्या टोकाला टोक लावून बसल्या की गोलांची जोडीच वाटावी, इतक्या आखूड. पण कडेला काही एकट्या, तिरप्या पडलेल्या, स्पष्ट दिसत होत्या.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले, "सुधारित रिपोर्ट म्हणून पाठवा. चूक कशाला म्हणायची? हे जंतू भल्याभल्यांना चकवतात."

"मला कुणी चकवलं नाही, साहेब. मी नीट पाहिलंच नाही."

त्यांनी स्वतः वॉर्डात फोन लावला. "डॉक्टर, माझा कालचा रिपोर्ट चुकला. गोल नाहीत, दांड्या आहेत. बंद केलेलं औषध बघा."

औषध लगेच सुरू झालं. शिंपी तिसऱ्या दिवशी गेला.

मधल्या त्या एका दिवसाने फरक पडला का, हे कुणीच सांगू शकेना. "वय होतं हो," डॉक्टर म्हणाले. बाईंचं मन मानेना. आठवड्याने त्या पत्ता शोधत शिंप्याच्या घरी गेल्या. त्याच्या मुलीने दार उघडलं. आत मशीनवर अर्धी शिवलेली विजार तशीच पडली होती. बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

मुलगी म्हणाली, "हे मला आता का सांगताय? मी काय करू याचं?"

"काही नका करू. तुम्हाला माहीत असावं, म्हणून आले."

"या तुम्ही," मुलगी म्हणाली आणि दार लावून घेतलं. पुन्हा दोघींची गाठ कधी पडली नाही.

बाईंनी पुढे नऊ वर्षं नोकरी केली. तसली काच आली की शंभर जागा पाहायच्या, मग शेजारच्याला बोलवायच्या आणि स्वतःचं न सांगता विचारायच्या, "तुला काय दिसतं?" नवे लोक मागे कुरकुरत, बाई फार वेळ लावतात म्हणून. ते त्यांच्या कानावर येई. बाई मान खाली घालून पुढची जागा पाहत.