शीतलच्या नावाची मेणबत्ती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकाला नाही, पाठच्या बहिणीलाही नाही. नवरा शेवटचा आजारी होता तेव्हा एकदा वाटलं, याच्या कानात तरी सांगावं. तेही जमलं नाही. चारचौघांत मला बोलता येत नाही, एकट्या माणसापुढंही फारसं येत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली म्हणून लिहिता येतं, तेवढ्या जोरावर लिहिते आहे. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही — ते बरंच आहे. ओळखीचं कुणी असतं तर हात थांबला असता.

समुद्रात एक बेट आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही, नाव घ्यायचा मला हक्क नाही. तिथं डोंगराच्या पोटात कोरलेली फार जुनी लेणी आहेत. एके काळी भिक्खू तिथं राहत होते. माथ्यावर स्तूप होता, आता विटांचा ढिगारा आहे, त्यावर गवत उगवलेलं. ढिगाऱ्यापाशी उभं राहिलं की चारी बाजूंना पाणी. सकाळी ते राखेच्या रंगाचं असतं, दुपारी हिरवं होतं. लेण्यात पाय टाकला की बाहेरचं ऊन कुठल्या कुठं जातं. आत दगडात खोदलेलं टाकं आहे आणि त्यातलं पाणी गोड आहे — चहूकडं एवढं खारं, आणि मधोमध ओंजळभर गोड.

आमच्या वस्तीत हे मी किती वेळा सांगितलं असेल. बाया पापड लाटायला बसल्या की म्हणायच्या, "सांगा की वो तुमचं बेट." आणि कुणी नुसतं नाव विचारलं तरी जिचा पदर तोंडावर जातो, ती मी — मी सांगायची. खडक अनवाणी पायाला कसा कोमट लागतो, ते सुद्धा.

मी त्या बेटावर कधीच गेलेले नाही.

लिहिलं. पण तुम्हाला वाटेल, यात काय एवढं? थोडी फुशारकी मारली, त्यात कुणाचं काय बिघडलं? मलाही बरीच वर्षं हेच स्वतःला सांगता आलं. तसं नाही ते.

सुमन माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघी शेवगावकडच्या एकाच गावात, एकाच घरात आलो. मागचा परस एक, पुढची ओसरी एक. तिला एक मुलगी होती, शीतल. फार बोलकी. पुस्तकात जहाजाचं चित्र पाहून आली, तेव्हापासून एकच प्रश्न — समुद्र केवढा असतो? आम्ही तिला धरणाच्या फुगवट्याचं पाणी दाखवलं, म्हटलं याच्यापेक्षा मोठा. ती म्हणाली, मग पलीकडचा काठ दिसतो का? आम्हा दोघींना तरी कुठं माहीत होतं. शाळेत जायच्या वयातच काविळीनं गेली. तेव्हापासून सुमन बोलायची, हसायची, कापूस वेचताना सगळ्यांच्या पुढं असायची — पण समुद्राचं नाव निघालं की हातातलं काम थांबायचं.

तर विहारातून लेणी बघायची सहल निघाली. गावोगावच्या बाया घेत एक बस जाणार होती. आमच्या वस्तीला एकच जागा आली, ती सुमनला मिळाली. सगळ्यांनाच ते बरोबर वाटलं. निघायच्या आधी ती माझ्याकडं आली.

"बाई, तुमी जा. मी तिथं नुसती रडत बसंन. तुमी धड वंदना तरी कराल."

मी नको नको म्हटलं. खरं सांगू? आतून मला जायचं होतं. लग्नानंतर माहेर आणि बाजार सोडून मी कुठं गेले नव्हते. तिनं एक जाड मेणबत्ती आणली होती, शेवगावच्या बाजारातून. शीतलच्या फ्रॉकचा एक तुकडा तिनं ठेवला होता, त्यात ती गुंडाळली आणि माझ्या पिशवीत घातली. "वर स्तूपापाशी लावा. तिच्या नावानं. तिथनं सगळीकडचं पाणी दिसतंय म्हनं." एवढंच म्हणाली.

बसमध्ये मी कुणाला ओळखत नव्हते. किनाऱ्यावर पोचलो. समुद्र पाहिला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं — काठ दिसत नाही, शीतल. मग लांब ते बेट दिसलं. निळसर, पाठ वर काढून बसलेल्या म्हशीसारखं. माझे डोळे भरून आले. एवढ्या जवळ आले होते मी.

ओहोटी होती. होडी काठाला लागत नव्हती. पातळ गुडघ्याच्या वर खोचायचं, पाण्यातून चालत जायचं, मग होडीवाला हात देऊन फळीवर ओढून घेणार. एकेक बाई हसत, किंचाळत गेली. माझी पाळी आली. त्या माणसानं हात पुढं केला. पाठीमागं सगळी गडीमाणसं उभी. मला पातळ वर खोचता येईना. भीती पाण्याची नव्हती, धरणात मी धुणी धुतली आहेत. लाज होती ती. नुसती लाज.

मागची एक बाई म्हणाली, "आगं ए, नवरीवानी काय थांबलीस? समुद्र काय तुला मागणी घालतोय व्हय?" सगळे हसले. वाईट मनानं नाही. पण मी मागं सरले आणि म्हणाले, मला मळमळतंय. सहल काढणारे गुरुजी म्हणाले, बरं, सावलीला बसा.

होडी निघेपर्यंत वेळ होता. पिशवी माझ्या काखेत होती. त्या हसणाऱ्या बाईनंच विचारलं, "काही द्यायचंय का वर ठेवायला?" हातसुद्धा पुढं केला तिनं. मला एवढंच म्हणायचं होतं — ही माझ्या जावेची मेणबत्ती, तिच्या लेकीच्या नावानं लावा. एक वाक्य. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली. नाही.

इथं मी पुष्कळ वेळा परत जाते. बाकीचं सगळं एका बाजूला ठेवलं तरी हे उरतं. हात पुढं आला होता, आणि मी नाही म्हटलं.

दुपारी किनाऱ्यावर मी एकटीनं ती लावायचा प्रयत्न केला. मासळी वाळत घातली होती तिथं आडोशाला. वारा काडी टिकू देईना. पेटीतल्या काड्या संपल्या. मग मी मेणबत्ती वाळूत खोचली आणि बेटाकडं बघत बसले. संध्याकाळी बाया परत आल्या. बसमध्ये मी डोळे मिटून पडले होते आणि त्या बोलत होत्या — गार लेणं, गोड पाणी, हिरवं पाणी, कोमट खडक. शब्द न् शब्द मी उचलला.

गावच्या फाट्यावर उतरले तर सुमन तिथं उभी. मी पिशवीतून ते फडकं काढून तिच्या हातात दिलं, रिकामं. तिनं ते उलगडून बघितलं.

"लागली?"

"लागली."

"वारा आसंल ना वर? इझली न्हाई ना?"

"न्हाई. शेवटपर्यंत जळली."

तिनं फडकं तोंडावर धरलं आणि रस्त्याच्या कडेला खाली बसली. त्या दिवसापासून ती बरी झाली, असं सगळे म्हणतात. रात्री झोपायला लागली. जेवायला लागली. मग मी कसं सांगणार होते? — असं मी बरीच वर्षं म्हणत आले. पण सांगायचं आहे ते याच्याही पुढचं आहे.

काही वर्षांनी सहल परत निघाली. या खेपेला सुमनला जायचं होतं. तिनं नाव दिलं, पांढरं पातळ धुऊन ठेवलं, रोज मला विचारायची — बाई, चढन किती हाय? तुमी मेनबत्ती लावली ती जागा सापडंल का? मी काहीबाही सांगून उठायची. ती वर जाईल, कुणाला तरी विचारेल. त्या पहिल्या सहलीतली एखादी बाई सोबत असेल आणि म्हणेल, तुझी जाऊ? ती तर खालीच बसली होती की.

गुरुजी बाकीचं ठरवायला घरी आले तेव्हा सुमन वेचणीला गेली होती. मी कधी नव्हे ते ओसरीच्या खाली उतरून त्यांच्याशी बोलले. म्हणाले, गुरुजी, तिला नेऊ नका. पोरगी गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नसतं. पाणी बघितलं की कुणाला आवरायची नाही. एखाद्या वेळी उडी घालायची.

बघा, किती सरळ बोलले मी. किनाऱ्यावर एक वाक्य निघालं नव्हतं. आणि हे सगळं न अडखळता निघालं.

गुरुजी भला माणूस. त्यांनी तिचं नाव कमी केलं आणि म्हणाले, तिला काही कळू देऊ नका. मी सुमनला सांगितलं, गाडी भरली. ती "बरं" म्हणाली आणि पातळ पेटीत ठेवून दिलं.

पण अशी गोष्ट एका माणसापाशी थांबते का? विहारात बाया सुमनशी हळू आवाजात बोलायला लागल्या. पोरीबाळींना तिच्याबरोबर धरणावर धुण्याला पाठवेनात. बुद्धपौर्णिमेच्या खिरीला पूर्वी तिचाच हात लागायचा, तो चुलीपुढून हळूच बाजूला केला गेला — "तू बस गं, दमशील." तिला कधी कळलं नाही काय झालं. एकदा मला म्हणाली, "बाई, माज्यात काय बदललंय का वो? बाया माज्याकडं येगळंच बघत्यात." मी म्हटलं, तुझ्या मनाचे खेळ आहेत. म्हणजे तिला वेड लागलंय हे बाहेर मीच सांगितलं, आणि घरात तिलाही तेच पटवलं.

दर रविवारी आम्ही पंचशील म्हणतो. खोटं न बोलण्याचं शील येतं तिथं माझे ओठ हलतात, आवाज नसतो. शेजारी सुमन असते, ती मोठ्यानं म्हणते.

आणि तरी — हेही लिहून टाकते — मला अजून त्या बेटावर जायचं आहे. भांडी घासताना मधेच पाण्याचा वास येतो. इथं मुरमाड रान, वर तापलेलं आभाळ, आणि माझ्या डोळ्यांसमोर ते निळसर पाठीचं बेट. तिथलं टाकं, तो गारवा, मी ज्याच्यावर कधी पाय ठेवला नाही तो खडक. किती ओढ असावी माणसाला? ज्या जागेच्या नावानं मी दुसरीचं आयुष्य नासवलं, तीच जागा मला हवी आहे. सुमनलाही तीच हवी होती. मी दोघींपैकी कुणालाच जाऊ दिलं नाही.

आता सुमनचे गुडघे गेले आहेत. परसातून ओसरीपर्यंत भिंत धरून येते.

मागच्या महिन्यात वस्तीतली प्रज्ञा, शेजारच्या घरची कॉलेजात जाणारी पोरगी, त्या बेटावर जाऊन आली. मोबाईलवर फोटो घेऊन आमच्याकडं आली. सुमन मांडी घालू शकत नाही, पाय लांब करून बसली होती. एकेक फोटो बघत होती. मी उंबऱ्यात उभी होते. मीही पहिल्यांदाच बघत होते, पण तसं तोंडावर दिसू द्यायचं नव्हतं.

ढिगाऱ्याचा फोटो आला तेव्हा तिनं प्रज्ञाचा हात धरला. मग मान वळवून मला म्हणाली, "बाई, इकडं या. कुठं लावली हुती, जरा दावा."

मी जवळ गेले. फोटोत गवत होतं, विटा होत्या, एका बाजूला एक वाकडा दगड होता. पाठीमागं पाणी.

मी त्या दगडापाशी बोट ठेवलं.

प्रज्ञानं ती जागा दोन बोटांनी मोठी करून दाखवली. सुमननं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिली. "चांगली जागा हाय," म्हणाली. "आडुसा हाय वाऱ्याला." काचेवर अंधार झाला तशी प्रज्ञानं बोट लावून परत उजेड केला. सुमननं त्या दगडावरून हात फिरवला, तोच हात स्वतःच्या तोंडावरून फिरवला.

मी तिथंच उभी होते. काही बोलले नाही. आजही सकाळी तिला चहा दिला, काही बोलले नाही.