पोहे खाऊन मेडिकल बोर्डाकडे

कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाले, "क्रोन्स डिसीज है। जड़ से नहीं जाएगा, पर कंट्रोल में रहेगा।" म्हणजे आतड्यांना सूज येते, जखमा होतात आणि कधी दिवसातून दहा-दहा वेळा शौचाला धावावं लागतं. मी दिल्लीत आर. के. पुरमला राहणारी सरकारी नोकरदार. काम तपासणीचं, अर्धा महिना गाडीतून दौरे. ते जमले नाहीत तर नोकरी सोडावी लागणार होती.

अपंगत्वाच्या कार्डाची चौकशी केली, तर त्या यादीत हा आजारच नव्हता. मग खात्याकडे अर्ज केला: दौऱ्यांतून सूट आणि ऑफिसात शौचालयाजवळची जागा. मला मेडिकल बोर्डासमोर बोलावलं.

आता माझा शहाणपणा ऐका. बाहेर जायचं असलं की वाटेत शौचाला लागू नये म्हणून मी आदल्या दिवसापासून जेवत नसे. तशीच उपाशी गेले. वर इस्त्रीची साडी, थोडी लिपस्टिक. तब्येतीचं विचारल्यावर सवयीने म्हणाले, "ठीक है, थोड़ा पेट का प्रॉब्लेम रहता है।" बोर्डाच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आप दो घंटे से बाहर बैठी थीं, एक बार भी नहीं उठीं।" अर्ज नामंजूर झाला.

घरी येऊन खूप रडले. सुहास, माझा नवरा, शांतपणे म्हणाला, "अगं, पण तू उपाशी होतीस हे त्यांना सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं.

मी अपील केलं. महिनाभर वहीत रोज लिहिलं: किती वेळा गेले, रक्त पडलं का, कपडे खराब झाले का. लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तरी लिहिलं. बोर्डाच्या दिवशी सकाळी बशीभर पोहे खाल्ले, वर चहा घेतला. वाटेत टॅक्सी दोनदा थांबवली, बोर्डाबाहेरच्या बाकावरून चारदा उठले.

आत त्याच मॅडम होत्या. मी वही पुढे केली. "पिछली बार भूखी आई थी, आज नाश्ता करके आई हूँ।" त्या वाचत असतानाच मला पुन्हा पळावं लागलं. परत आले तर वही मिटलेली होती.

"पहले क्यों नहीं बताया?"

"शर्म आती थी, मॅडम।"

सूट मिळाली, एका वर्षाची. मग पुन्हा बोर्ड.

सुहासचे आणि त्या मॅडमचे आभार मी मनात रोज मानते. तुमच्यावर ही वेळ आली, तर आपलं दुखणं घरी झाकून ठेवून जाऊ नका. पुढच्या वर्षी मीही पोहे खाऊनच जाणार आहे.