खोडूनका सरांचा पोळा

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. ती ज्यांच्यामुळे मिळाली, त्या माणसाला वाशीमच्या जेलात सगळे ‘खोडूनका सर’ म्हणत. रिठदचे हे निवृत्त ड्रॉइंग मास्तर दर गुरुवारी जुन्या मोटारसायकलवर यायचे आणि कैद्यांना चित्र काढायला आणि लिहायला शिकवायचे. त्यांच्या पिशवीत कागद, पेन्सिली, गेरू, नीळ सगळं असे. खोडरबर कधीच नसे. एखाद्या पेन्सिलीच्या टोकाला रबर निघालं, तर ते दातांनी उपटून टाकत.

शार्पनरला पातं असतं, म्हणून ते आत चालत नसे. पेन्सिली गेटवरचा शिपाईच तासून देई. रबराला मात्र कुणाची हरकत नव्हती. पहिल्याच दिवशी मी विचारलं, “सर, रबर त जेलात चालते ना?”

“जेलाले चालते. मले नाही चालत,” सर म्हणाले. “रेघ वाकडी गेली त जाऊ दे. तिच्या बाजूले दुसरी मार. खोडू नको.”

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. गावातल्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणात आमच्या घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं तक्रारीत गेली, त्यात माझंही गेलं आणि मी जेलात आलो. भांडण झालं तेव्हा मी मालेगावला कॉलेजात होतो, हे कोर्टात सिद्ध व्हायला वेळ लागला. तोवर परीक्षा हुकली होती आणि शिक्षणावरचं मनही उडालं होतं. मी वर्गात सगळ्यात मागे बसे आणि कागद कोरा परत देई. सर तो घडी घालून पिशवीत ठेवत आणि म्हणत, “राहू दे. पुढच्या गुरुवारी यालेच घेऊ.”

कुणावर कोणतं कलम लागलंय, हे सरांनी कधी विचारलं नाही. “तुमच्या बैलाचं नाव काय?” हे मात्र प्रत्येकाला विचारलं. पोळा जवळ आला होता. आवाराच्या पांढऱ्या भिंतीवर ज्यानं त्यानं आपली जोडी काढायची, असं त्यांनी जेलर साहेबांकडून मंजूर करून घेतलं. कारंज्याकडचा एक जण म्हणाला, “मायाकडं बैल नाही, सर. मी ऑटो चालवतो.”

“मंग ऑटो काढ. त्याले झूल घाल.”

अशी ती भिंत भरत गेली. बैल, बैलांमध्ये झूल घातलेला ऑटो आणि सगळ्यांच्या पुढे आंब्याच्या पानांचं तोरण. आमच्याकडे पोळ्याला गावभरच्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहतात आणि पहिल्या जोडीचा मान मोठा असतो. त्या मानावरून गावंच्या गावं हमरीतुमरीवर येतात. तेच इथं झालं. तोरणाजवळची जागा वामनबाबाला हवी होती आणि शेषरावलाही. दोघं वेगवेगळ्या गावचे, दोघंही साठीच्या पुढचे.

“माया बापापासून आमची जोडी पयली राह्यते,” वामनबाबा म्हणाला.

“ते तुया गावात. इथं कोन वयखते तुले?” शेषरावनं गेरूचा डबा उचलला. पुढच्या क्षणी डबा एकीकडे आणि दोघं दुसरीकडे, मातीत.

जेलर साहेब धावत आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, “चित्रातल्या बैलासाठी डोकी फोडता? चुना आणा. भिंत पांढरी करा. वर्ग बंद.”

सर म्हणाले, “खोडू नका, साहेब.”

साहेबांना असं सांगायची तिथं पद्धत नव्हती.

“पोळ्यापर्यंत राहू द्या,” सर शांतपणे म्हणाले. “त्या दिवशी कोनी हात उगारला, त चुन्याचा ब्रश मी हातात घेतो. अन् पुन्हा गेटवर येत नाही.”

साहेबांनी मान्य केलं. सर जाताना माझ्यापाशी थांबले. पिशवीतून माझे कोरे कागद काढून माझ्या हातात दिले. “झडती येते ना तुले? लिहून ठेव.” झडती म्हणजे पोळ्यात तोरणाखाली उभं राहून म्हणायची, कुणाचीही टोपी उडवणारी यमकं. पोळा पुढच्याच गुरुवारी होता आणि मला त्याची धास्ती लागली. तो वर्गच माझ्या आठवड्यातला एकमेव दिवस होता, हे तो जायची वेळ आल्यावर मला कळलं.

पोळ्याच्या दिवशी सगळे भिंतीपुढे जमले. कोपऱ्यात चुन्याची बादली तयार होती. वामनबाबा आणि शेषराव दोन टोकांना उभे होते. सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. माझा आवाज पहिल्या ओळीला फाटला, मग सुटला:

“भिताडाच्या बैलाले ना चारा ना पानी,
जेलात पोळा भरला, ऐका त्याची कहानी;
मानापायी भांडले हे दोघं बुढे,
बैल राह्यले मांगं अन् हेच गेले पुढे!”

शेषरावच आधी हसला, आणि हसता हसता खाली बसला. वामनबाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “पाहा बे, कोऱ्या कागदाले तोंड फुटलं.” मग तोही पुढे झाला आणि त्यानं शेषरावच्या मिशांवर एक झडती हाणली. शेषरावनं उलट हाणली. ऑटोवाल्यानं बैलांना भाडं विचारलं. शेवटी जेलर साहेबांनी टोपी काढली आणि त्यांच्या गावची एक म्हणून दाखवली. तोरणाजवळची ती रिकामी जागा दोघांनी एकमेकांना देऊ केली, आणि शेवटी दोघांचा एकेक बैल तिथे जोडीनं काढला.

बादली तशीच परत गेली. वर्ग राहिला. पुढच्या गुरुवारी सरांनी मुक्त विद्यापीठाचा अर्ज आणला. मी पोलीस पहाऱ्यात परीक्षा दिली, नंतर निर्दोष सुटलो आणि बाहेर येऊन शेवटचं वर्ष पूर्ण केलं. सरांचे गुडघे थकले, मोटारसायकल थांबली. रीतसर परवानगी काढून त्यांनी पिशवी माझ्या खांद्याला लावली. मागच्या आठवड्यात मी त्यांना हे पत्र टाकलं:

तीर्थरूप सरांना साष्टांग नमस्कार.

पदवीचा कागद आला. आईनं तो देवाजवळ ठेवलाय, म्हणून झेरॉक्स पाठवतो. नाव नीट वाचा, ते तुमच्यामुळे तिथं आहे.

वर्गात नवीन मंडळी आली आहेत. एकानं रबर मागितलं. मी काय म्हणालो असेन, ते तुम्हाला ठाऊक आहे. यंदा आवाराच्या भिंतीला चुना मारला. रंगारी ब्रश घेऊन तोरणापाशी गेला, तर गेटवरचा आपला शिपाई आडवा आला. “त्याईले सोडून मार,” म्हणाला. आता पांढऱ्याफेक भिंतीवर बैल अजूनच उठून दिसतात. ऑटोची झूलसुद्धा.

पोळ्याला तुम्हाला घ्यायला मी रिठदला येतो. गाडीवर मागे बसायची तयारी ठेवा. यंदाची झडती तुमच्यावर केली आहे. ती इथं लिहीत नाही. तोरणाखाली उभं राहून ऐकावी लागेल. आणि ऐकल्यावर कितीही राग आला, तरी खोडू नका.

आपला विद्यार्थी