इर्जिकीची फेड

वडिवळ्यात चंपाबाईंच्या बंगल्याला उंच भिंत आहे, भिंतीला लोखंडी फाटक आहे, आणि ते फाटक वाजवायला कुणी येत नाही. मागं गुलाबाची तीन पॉलीहाऊस. तिथली कामाची माणसं मागच्या वाटेनं येतात आणि संध्याकाळी टेम्पोत बसून निघून जातात. नवरा निवृत्ती वारला. मुलगा गौरव तळेगावला राहून धंदा फोनवर चालवतो. आईला फोन येतो तोही बहुतेक फुलांच्या चौकशीसाठी.

हे वैभव काही आयतं आलेलं नाही. चंपा लग्न होऊन आली तेव्हा घरातली भाताची कणगी होळीलाच तळ दाखवायची. निवृत्ती दुसऱ्याच्या गुलाबांवर कामाला जायचा. तिथं बघून बघून शिकला आणि आपल्या तुकड्यात त्यानं बांबूंचा सांगाडा उभा केला. आषाढाच्या वाऱ्यानं तो पार झोपवला. तेव्हा अख्खी आळी इर्जिकीला धावली. इर्जिक म्हणजे आज तुम्ही माझ्याकडे राबा, उद्या मी तुमच्याकडे. मजुरीचं नाव काढायचं नाही, ज्याचं काम त्यानं जेवू घालायचं. शेजारची रेणुका तर आपली भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, अर्धी टाकून दिवसभर बांबू धरून भिजत उभी होती.

मग गुलाब लागले, आणि असे लागले की बांबूंच्या जागी लोखंड आलं, छपराच्या जागी बंगला आला, दारात गाडी आली. गाडी आली त्याच पावसाळ्यात रेणुकेकडे आवणी निघाली. इर्जिकीला चंपाबाईंनी जायचं होतं. पण फुलांचा व्यापारी यायचा होता, आणि खरं सांगायचं तर चिखलात उतरायचं आता जिवावर आलं होतं. बाईंनी आपल्या जागी कामावरच्या दोन बाया धाडल्या. एकीच्या बदल्यात दोन! आपलं मन केवढं मोठं, असंच त्यांना वाटलं होतं.

रेणुकेनं त्या दोघींना पोटभर जेवू घातलं. पण पुढच्या साली इर्जिकीचं बोलावणं आलं नाही, त्यानंतरही कधी आलं नाही. बरोबरीनं नांदलेली रेणुका 'चंपे' म्हणायची, ती 'चंपाताई, तुमी' म्हणू लागली. एवढा मान बाईंना कधी नकोच होता.

बंगल्याखालचं एक खाचर बाईंनी अजून भातासाठी राखलंय. तिथंही गुलाब करू म्हणून गौरव मागं लागतो, बाई ऐकत नाहीत. दरसाल मजूर येतात, मुकाट्यानं रोप लावतात आणि जातात. बाई खिडकीतून बघत बसतात. यंदा मात्र त्यांनी मनाशी धरलं की काही झालं तरी या खाचरात आळीच्या बाया उतरल्या पाहिजेत.

म्हणून त्या बिनबोलावता रेणुकेच्या आवणीला गेल्या. रेणुकेनं घाईघाईनं बांधावर प्लास्टिकची खुर्ची मागवली. बाईंनी खुर्चीकडे बघितलंही नाही. पदर खोचला, रोपांची मूठ उचलली आणि ओळीत शिरल्या. कंबर बोलत होती, पण हात काही विसरले नव्हते. दुपारी सगळ्यांत बसून भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. किती दिवसांनी जेवण गोड लागलं, आणि त्याचंच त्यांना रडू आलं.

संध्याकाळी पाटावर हातपाय धुताना कुणीतरी नेहमीचं विचारलं, "उद्या कुणाकडं?"

"माज्याकडं," चंपाबाई म्हणाल्या. दिवसभर हा एकच शब्द त्या मनात घोळवत होत्या.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. रेणुका पदराला हात पुसत जवळ आली. तिच्या तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"चंपाताई, तुमी आज लय राबला. फेड तर केलीच पायजे," ती म्हणाली. "सकाळी मजुरीच्या बाया धाडते तुमच्याकडं. किती धाडू?"

नको म्हणावं, तू ये म्हणावं, असं चंपाबाईंना फार वाटलं. पण तेवढा हक्क त्यांनीच घालवला होता.

"दोन," त्या म्हणाल्या.