फ्लॉपीतलं कॉलेज

राजूरहून मी निघालो तो तांदळाच्या पोत्यांवर बसून. अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजारात हमाली करायचे. ज्या टेम्पोत त्यांनी पोती भरली, त्याच टेम्पोत मला बसवलं. म्हणाले, "तिथं शिकशील त्यातलं थोडं घरीबी आन." आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. त्यांचं म्हणणं मी फारच मनावर घेतलं असावं.

दुसऱ्या वर्षी पुण्यात सायबर कॅफे पाहिला. इंटरनेटवर अख्खा इंग्रजी विश्वकोश होता. पान हळूहळू, ओळीओळीनं उमटायचं. मी ते फ्लॉपीवर सेव्ह करायचो आणि सुट्टीत गावी न्यायचो. धाकटी बहीण संगीता बारावी सायन्सला होती. गावातल्या टायपिंग क्लासमध्ये एक कॉम्प्युटर आला होता. दुपारी तो रिकामा असला की क्लासच्या बाई तिला बसू द्यायच्या. शेवाळ, नेचे, परागीभवन. मांडीवर डिक्शनरी घेऊन ती एकेक पान वाचून काढायची. चित्रांच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसायचे.

एकदा म्हणाली, "दादा, ह्या निळ्या शब्दांवर दाबलं तर काईच उघडत न्हाई."

"त्याला इंटरनेट लागतं. पुण्यात उघडतं."

"मंग मी पुन्यालाच येते ना."

अण्णा मात्र खूश होते. लेक पुण्याचं कॉलेज खिशात घालून आणतो, असं त्यांनी बाजारभर सांगितलं होतं. संगीता चांगल्या मार्कांनी पास झाली, तेव्हा मी तिच्या प्रवेशाचा विषय काढला.

"तिला कशाला धाडायचं? तुजं समदं कालेज त्या चकतीत येतंय की. हितं बसून वाचंल."

"अण्णा, ती नुसती पानं आहेत. कॉलेज नाही ते."

संगीता चुलीजवळून म्हणाली, "मंग दादालाबी चकत्याच द्यायच्या हुत्या."

"लई बोलाया लागली," म्हणत अण्णा हसले आणि पोती ओढायचा आकडा खांद्याला अडकवून कामावर गेले. विषय तिथेच संपला.

आता तिला स्थळं येतात. मुलगी कॉम्प्युटरवर इंग्रजी वाचते, असं अण्णा पाहुण्यांना अभिमानानं सांगतात. मी नव्या फ्लॉपी नेल्या तर ती म्हणते, "ठेव तिथं. आधी जेवून घे."

माझ्यासारखे गाव सोडून आलेले मित्र होस्टेलवर घराच्या आठवणी काढतात. मलाही घर आठवतं. पण कसं सांगू, ज्या घरानं मला हौसेनं धाडलं, त्याच घरानं तिला अडवलं, आणि दोन्ही वेळा मायेनंच. त्या घरावर धड रागावताही येत नाही.

दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा संगीता माझी बॅग घेऊन एसटीत चढली. कंडक्टरनं विचारलं, "पुणे का? दोन देऊ?"

"एकच," ती म्हणाली, बॅग सीटवर ठेवली आणि खाली उतरली.